तिच्यासाठी खाट कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गर्द (ब्राउन शुगर) आणि दारूच्या उपचारांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही मी व्यसनाच्याच कामात आहे.

प्रश्न : ताई, मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. माझी धाकटी जाऊ २६ वर्षांची आहे. दीर बरीच वर्षं गर्द ओढतो. त्याच्या संगतीने तिलाही सवय लागली, हे आम्हाला उशिरा कळलं. दिराला सासऱ्यांनी केंद्रात ठेवलं. तिला मात्र ‘बाईमाणसाला कुठे ठेवणार, चारचौघांत शोभा होईल’ म्हणून घरातच कोंडलंय. तिला दीड वर्षाचा मुलगा आहे. मी तीन ठिकाणी फोन केले. एकाने बायका घेत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मूल चालणार नाही म्हटलं, तिसऱ्याने नवऱ्याची सही मागितली. नणंद म्हणते, बाहेर कळलं तर पोलीस तिला आत टाकतील आणि मूल काढून घेतील. त्यात आता तिची पाळी चुकली आहे. मी काय करू?

उत्तर : पाळी चुकली आहे, तर आधी तेच बघू. बाकीचं नंतर.

तिला कोंडलंय याचा अर्थ गर्द एकदम तोडलंय. टर्की, म्हणजे गर्द तुटल्यावरचा त्रास, सुरू झाली असेल तर अंग मोडून येणं, जुलाब, उलट्या, नाकाडोळ्यांतून पाणी, रात्र रात्र झोप नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. पोटात बाळ असताना असं एकदम तोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली गरोदर स्त्रियांसाठी दिलेला सल्ला स्पष्ट आहे. गर्द, अफू अशा पदार्थांची सवय असेल तर ते एका झटक्यात सोडवण्यापेक्षा ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे गर्दऐवजी देतात ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवणं आईला आणि बाळाला अधिक सुरक्षित. कोंडून तोडलेली बाई बहुतेक वेळा संधी मिळताच परत घेते, आणि तेव्हा अंगाची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकंच घेतलं तरी श्वास बंद पडू शकतो. म्हणून दाराची कडी आजच काढा.

तिला अशा मोठ्या रुग्णालयात न्या जिथे मनोविकार विभाग आणि प्रसूती विभाग एकाच आवारात आहेत. तुम्हाला सायन जवळ पडेल. केईएम, नायर, जे.जे. इथेही दोन्ही विभाग आहेत. केसपेपर काढताना ‘अशक्तपणा’ सांगू नका. काय घेते, किती घेते, शेवटचं कधी घेतलं, हे डॉक्टरांना नीट सांगा. दोन्ही विभागांच्या डॉक्टरांना एकमेकांच्या कागदावर लिहायला लावा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तिथेच घोळ होतो. प्रसूतीवाल्यांना या औषधाच्या गोळीचं ठाऊक नसतं आणि मनोविकारवाल्यांना गरोदरपणाचं. बाळाला जन्मानंतर काही दिवस त्रास होऊ शकतो, पण त्यावर उपचार आहेत. गोळी चालू असताना अंगावर पाजायलाही सहसा हरकत नसते. ते त्या वेळचे डॉक्टर सांगतील. एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्याही त्याच फेरीत करून घ्या.

आता सहीचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. त्याचं कलम ८६ सांगतं की सज्ञान व्यक्ती स्वतःच्या इच्छेने दाखल होऊ शकते आणि त्यासाठी नातेवाइकाची संमती किंवा हजेरी मागता येत नाही. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, तुमचीही नाही. याच कायद्याचं कलम २१ म्हणतं की उपचार घेणाऱ्या स्त्रीचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बाळाला तिच्यापासून धोका असेल तर डॉक्टर तात्पुरतं वेगळं ठेवू शकतात, पण तो निर्णय दर पंधरा दिवसांनी तपासून पाहावा लागतो. ही दोन कलमं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून बरोबर ठेवा. खिडकीवर वाद घालू नका, कागद पुढे करा. मी आजवर पाहिलंय, कायद्याचा आकडा दिसला की आवाज खाली येतो.

पोलिसांचं म्हणाल, तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली नुसतं सेवन हाही गुन्हा आहे, हे खरं. गर्दसाठी एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. म्हणजे दवाखान्याचा कागद हे तिचं संरक्षण आहे आणि घरात कोंडणं हे नाही. तिची झडती फक्त स्त्रीनेच घ्यायची, हेही कायद्यातच आहे. मूल काढून घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही आणि सासरच्यांनाही नाही. मुलाची हेळसांड होत असेल तर प्रश्न बाल कल्याण समितीपुढे जातो. आई व्यसनी आहे एवढ्यावरून मूल आपोआप जात नाही. तिला घराबाहेर काढायची भाषा निघाली, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो. वकिलाला पैसे नसतील तर काळजी नको. बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० वर फोन करा.

आणि तुम्हाला फोनवर मिळालेली ती तीन उत्तरं. त्यांचा मला राग येतो, पण फोन घेणाऱ्या माणसांवर नाही. ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबईत पाय पसरले तेव्हा उपचार उभे राहिले ते डोळ्यांना दिसणाऱ्या माणसासाठी. रेल्वेच्या पुलाखाली, मशीद बंदराच्या गल्ल्यांत, फुटपाथवर तो दिसत होता आणि तो पुरुष होता. त्याच्या मापाने सगळं बेतलं गेलं. एका हॉलमध्ये ओळीने खाटा, सामायिक न्हाणीघर, पहाटेचा व्यायाम, महिनाभर बाहेर जायचं नाही, रविवारी बायको भेटायला येणार. प्रवेशाच्या अर्जावर ‘पत्नीचे नाव’ असा छापील रकाना असे. समोर बाई बसली असेल तर मी तो खोडून ‘पती’ लिहीत असे. ती दाखल झाली तर घरी रांधणार कोण आणि पोर कोण बघणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते शोधणं सरकारचं काम आहे, असंही कुणाला वाटलं नाही.

जिथे ते शोधलं गेलं, तिथे फरक पडलाय. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. बाळंतपणाचं मार्गी लागलं आणि पुढे राहून उपचार घ्यायची वेळ आली, तर तिथे विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. तिच्यावर विचारताना ‘बायकांसाठी आणि मुलासह’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

एक तुमच्यासाठी. दीर केंद्रातून परत येईल तेव्हा ती उपचारांच्या मधोमध असेल. दोघांनी एकत्र ओढलेलं आहे, त्यामुळे एकाचा तोल गेला की दुसऱ्याचा जातो. केंद्रातल्या समुपदेशकांना हे आत्ताच कळवा. त्यांना बहुतेक ठाऊकच नसेल की घरी आणखी एक पेशंट आहे.

प्रश्न : मॅडम, मी मुलुंडला राहणारा निवृत्त सरकारी नोकर. तुमचा लेख वाचला. सरकार व्यसनी लोकांना फुकट सुया वाटतं, हे व्यसनाला खतपाणी घालणं नव्हे काय? आणि सरकारी सर्वेक्षणातच बायकांचं प्रमाण इतकं कमी असताना त्यांच्यासाठी वेगळी सोय मागणं म्हणजे करदात्यांच्या पैशाचा अपव्यय नाही का?

उत्तर : तुम्ही दोन गोष्टी सरळ विचारल्यात, त्याबद्दल आभार. आडून विचारणाऱ्यांपेक्षा हे बरं.

सुई दिल्यामुळे कुणी नव्याने टोचून घ्यायला लागत नाही. टोचून घेणारा आधीच घेत असतो. प्रश्न इतकाच, की त्याची सुई त्याची एकट्याची आहे की चौघांत फिरलेली. फिरलेल्या सुईतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतात, तिथून ते बायकोकडे आणि पोटातल्या बाळाकडे जातात. नवी सुई घ्यायला आलेल्या माणसाशी कार्यकर्त्याची ओळख होते, जखम दाखवली जाते, तपासणी होते, आणि एक दिवस तोच माणूस गोळी सुरू करायची का म्हणून विचारतो. संसदेने हे मान्य केलेलं आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम २२ प्रमाणे संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेलं असं काम गुन्हा ठरत नाही, आणि त्या कलमाच्या उदाहरणांत सुया बदलून देण्याचा कार्यक्रमच दिलेला आहे.

आता बायकांचा आकडा. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करवून घेतलेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के. हा आकडा मी नाकारत नाही. पण तो कसा गोळा होतो ते डोळ्यांपुढे आणा. दारात अनोळखी माणूस कागद घेऊन उभा आहे, सासू स्वयंपाकघरातून ऐकते आहे, आणि घरातल्या सुनेला विचारतात की तुम्ही गेल्या वर्षात दारू घेतलीत का. नवरा ‘कधीकधी’ म्हणून हसेल. ती काय सांगेल? तरीही, आहे तोच आकडा खरा धरू. देशात पिणारे सुमारे १६ कोटी आणि सतरा पुरुषांमागे एक बाई, असं तेच सर्वेक्षण म्हणतं. म्हणजे ८०-९० लाख बायका झाल्या. एवढ्या माणसांसाठी खर्च करणं तुम्हाला अपव्यय वाटतो का?

गर्द आणि सुयांच्या बाबतीत तर मोजणी आणि सोय एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते वस्तीत फिरणारे कार्यकर्ते जवळजवळ सगळे पुरुष, बरेचसे स्वतः गर्द सोडलेले, मोठ्या मनाचे. ते जातात त्या जागा पुरुषांच्या. बाई तिथे उभी राहत नाही. ती खोलीत असते, तिचा माल आणि तिची सुई नवरा किंवा मित्र आणतो, आणि तोच आधी स्वतःला टोचून मग तिला टोचतो. दोघांत एकच सिरिंज असेल तर तिचा नंबर दुसरा. संसर्गाचा सगळ्यात मोठा धोका तिला, आणि कार्यकर्त्याच्या वहीत मात्र एकच नाव, त्याचं. वर्षअखेरीला वहीवरून अहवाल जातो, अहवालात बायका जवळजवळ शून्य, आणि शून्य बायकांसाठी स्त्री कार्यकर्ती कोण मंजूर करणार?

सरकारी कार्यक्रमाचे गटही असेच आहेत. सुई घेणारे हा एक गट, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया हा दुसरा. कामाठीपुऱ्यातली एखादी बाई दोन्हींत बसते, पण तिचं नाव एकाच वहीत चढतं. तिथे तिला निरोध मिळतो, सुईचं कुणी विचारत नाही. तृतीयपंथीयांचंही असंच होतं.

तुम्ही सरकारी नोकरीत होतात म्हणून हे सविस्तर सांगते, तुम्हाला लगेच कळेल. सुई घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात रोजच्या गोळीचं केंद्र असतं. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. गोळी हातात द्यायची नाही, समोर घ्यायला लावायची. परिचारिका ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चुरडते, ती पूड जिभेखाली ठेवायची, तोंड मिटून बाकावर बसायचं, विरघळली की जीभ उचलून दाखवायची, मग वहीत सही. रोज, सुट्टी न घेता, ठरलेल्या वेळेत. पुरुष रांगेत उभा राहतो, ओळखीच्यांशी बोलतो, कामावर जातो. एका बाईला मी तिथे पाहिलंय. कडेवर पोर, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, रांगेत पुरुषच पुरुष. कुणीतरी तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. ती वळली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. वहीत तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं गेलं, आणि सलग गैरहजर राहिलेल्याला ‘उपचारांत रस नाही’ असं समजलं जातं.

यावर फार पैसा लागत नाही. आठवड्यातले काही तास फक्त बायकांसाठी, रांगेला वेगळं दार, पोराला बसायला चटई आणि एक मदतनीस, वस्तीत एक बाई कार्यकर्ती. उपचारांत स्थिरावलेल्या पेशंटला काही दिवसांची गोळी घरी न्यायची मुभा. जगभराचा हिशेब हवा असेल, तर संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने २०१६ च्या अहवालात लिहिलं आहे, की अमली पदार्थ घेणाऱ्यांत साधारण एक तृतीयांश बायका असतात, पण उपचार मिळणाऱ्यांत त्या फक्त एक पंचमांश. हे मंडळ काही व्यसनाला खतपाणी घालणारं नव्हे.

प्रश्न : ताई, भांडुपला आमचं महिला मंडळ आहे. वॉर्डातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय, आडव्या बाटलीसाठी मतदान मागणार आहोत. पण आमच्यातलीच एक जण संध्याकाळी घेते, असं कळलं. काही जणी म्हणतात तिला मंडळातून काढा, आपल्या मोहिमेचं नाव खराब होईल. तुमचं मत?

उत्तर : काढू नका. हे मी विनंती म्हणून लिहितेय.

आडवी बाटली ही महाराष्ट्राच्या बायकांनी मिळवलेली मोठी गोष्ट आहे. गुप्त मतदानात पुरेशा बायकांनी आडव्या बाटलीच्या, म्हणजे बंदीच्या, चिन्हावर शिक्का मारला की दुकान बंद. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली तीही लोकांच्या आणि विशेषतः बायकांच्या रेट्यामुळे. या राज्याने दारूच्या धोरणात बाईचा आवाज ऐकला, पण कुणाचा? मार खाणाऱ्या बायकोचा, पगाराची वाट बघणाऱ्या आईचा. पिणाऱ्या बाईला त्या यादीत जागाच नाही. तिने मतदानाला उभं राहायचं ते दुसऱ्याच्या व्यसनाविरुद्ध. दुकान बंद झालं तर ती दुसऱ्या वॉर्डातून आणवेल, पैसे देऊन, कुणाची तरी मिंधी होऊन.

बाईच्या शरीराला दारू लवकर बाधते. अंगात पाण्याचं प्रमाण कमी, दारू पचवणारी यंत्रणाही वेगळी, त्यामुळे सुरुवातीपासून व्यसनापर्यंतचं अंतर ती पुरुषापेक्षा कमी काळात कापते आणि यकृतही लवकर खराब होतं. म्हणजे तिला डॉक्टर लवकर हवा, आणि ती उशिरा येते, कारण तिला ठाऊक असतं की मैत्रिणी असंच ‘काढा’ म्हणणार. तुमच्यातली एखादी, जिच्यावर तिचा विश्वास आहे, तिने एकटीने तिच्याशी बोलावं. सकाळी हात थरथरतात का, हे विचारा. थरथरत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडे बरोबर जा.

आणि बैठकीत मशेरीचाही विषय काढा. आपल्या आयाआज्यांचं सगळ्यात जुनं व्यसन तेच. दात घासायचं म्हणून त्याला कुणी व्यसन म्हटलं नाही, आणि गरोदर बायका लावतच राहिल्या. त्यातून बाळं कमी वजनाची होतात, हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली. मशेरी घराघरात तव्यावर भाजली जाते, तिला बंदी पोहोचणार नाही. तिथे तुमचं मंडळच पोहोचू शकतं.

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची, गिरगावात एकटी राहते. बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलम दिली होती. ती आता रोज तीन गोळ्या घेते, ओळखीचा केमिस्ट देतो. मी गोळ्या फेकून देऊ का?

उत्तर : नाही. फेकू नका आणि एकदम बंद करू नका. बरेच महिने घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवतील. तिच्या वयाला वेळ लागेल, तो द्या.

तुमची आई एकटी नाही. नवरा गेला, पाळी गेली, मुलगी सासरी गेली, की बाईच्या ‘घाबरल्यासारखं होतं’ या तक्रारीवर बहुतेक वेळा गोळीच लिहून मिळते. ती मग वर्षानुवर्षं चालू राहते. रस्त्यावर दिसत नाही म्हणून तिच्याकडे कुणी व्यसन म्हणून बघत नाही. १ मार्च २०१४ पासून ही गोळी ‘एच-१’ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि केमिस्टला पेशंट व डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. त्या केमिस्टला हे शांतपणे सांगा, आणि यापुढे फक्त नव्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायला सांगा. मात्र ते डॉक्टरांची वेळ मिळाल्यावरच करा, नाहीतर मधल्या दिवसांत आईची गोळी तुटेल.

जाताना सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. पडली होती का, रात्री उठताना तोल जातो का, सोबत आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून न्या. आणि तपासताना पाचेक मिनिटं तुम्ही खोलीबाहेर थांबा. मुलीसमोर ती तीनच सांगेल.